गेमचा कंट्रोलर तिरका करून रोबो चालवायचाय? सुरुवात इथून करा

शाळांमध्ये कोडिंग आणि रोबोटिक्स आल्यापासून, म्हणजे गोवा सरकारची ती २०२१ची केअर्स योजना सुरू झाल्यापासून, आमच्या फोंड्याकडे जी पोरं भेटतात त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. फोनवरची बटणं दाबून रोबोची गाडी पळवून झाली, आता नुसता हात कलवून पळवता येईल का? येईल की. आणि त्यासाठी सेन्सर लावलेला हातमोजा वगैरे काही विकत घ्यायला नको, घरात प्लेस्टेशनचा कंट्रोलर पडून असेल तर त्याच्या पोटात सगळं आधीच बसवलेलं आहे, आणि आपण सुटा सेन्सर आणून सोल्डर करू त्यापेक्षा कितीतरी नीट बसवलेलं आहे.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो कारण पुढे बराच वेळ तिच्यावरच जाणार आहे. हात हलवला की रोबो हलला, एवढं एका संध्याकाळचं काम आहे. रोबोने तुमच्या हाताकडे कधी लक्ष द्यायचं नाही हे ठरवणं, तिथे खरा घाम निघतो. जॉयस्टिक सोडली की स्प्रिंगने मधोमध येऊन बसते. हाताला तशी स्प्रिंग नाही, तुम्ही बोलताना, मच्छर मारताना, चहाचा कप उचलताना तो कुठल्या तरी बाजूला कललेलाच असतो.

कंट्रोलरच्या पोटात काय आहे

दोन सेन्सर. एक अ‍ॅक्सेलरोमीटर, दुसरा जायरो.

अ‍ॅक्सेलरोमीटर पृथ्वीची ओढ कुठल्या दिशेला आहे ते सांगतो, म्हणून कंट्रोलर किती कललाय हे त्याच्यावरून कळतं, गवंड्याच्या पाणसळीसारखंच. त्याचा दोष असा की झटका दिला तर तो झटकाही त्याला ओढच वाटते. कंट्रोलर सपाट धरून नुसता पुढे ढकला, तो म्हणेल कलला. जायरो फिरण्याचा वेग मोजतो, सेकंदाला किती अंश फिरलं ते. झटक्याने तो फारसा फसत नाही, पण वेगाची बेरीज करत करत कोन काढावा लागतो आणि त्या बेरजेत बारीक चूक साचत जाते, मग टेबलावर गप्प पडलेला कंट्रोलरसुद्धा पाच मिनिटांनी हळूहळू फिरतोय असं आकडे सांगायला लागतात. ह्याला ड्रिफ्ट म्हणतात.

ह्यातून एक निष्कर्ष निघतो तो लक्षात ठेवा. कंट्रोलर पुढे-मागे वाकवणं आणि डावी-उजवीकडे कलवणं, ह्या दोन गोष्टी भरवशाच्या, कारण दोन्हीत गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलते. कंट्रोलर सपाट ठेवून होकायंत्राच्या काट्यासारखा गोल फिरवला तर ओढ जिथल्या तिथेच राहते, म्हणजे तिथे एकटा जायरो उरतो आणि तो वाहवत जाणार. म्हणून गाडी वळवायची ती कंट्रोलर बाजूला कलवून, गोल फिरवून नाही. नवी पोरं हमखास उलटं करायला जातात.

कुठला घ्यायचा

सोनीचा ड्युअलशॉक ४ (२०१३चा, पीएस४ बरोबर आलेला) घ्या. दोन्ही सेन्सर तीन-तीन अक्षांचे आहेत, सेकंडहँड मिळतो आणि लायब्ररीचा (आयत्या तयार कोडाचा) सपोर्ट चांगला आहे. पीएस५ चा ड्युअलसेन्सही चालतो. निन्टेंडो स्विचचे जॉय-कॉन (२०१७) हातात मस्त बसतात पण ते आपल्याकडे शोधत बसावं लागतं.

एक्सबॉक्सचा घेऊ नका. कंट्रोलर उत्तम आहे, अमेरिकन नौदलाने २०१८ मध्ये दाखल झालेल्या यूएसएस कोलोरॅडो पाणबुडीवर पेरिस्कोपच्या जागी आलेला कॅमेऱ्याचा मास्ट फिरवायला एक्सबॉक्सचाच कंट्रोलर दिला, पण त्याच्यात हालचाल ओळखणारा सेन्सरच नाही. बटणं आणि काड्या, बस्स.

आणि स्वस्तातल्या नकलांपासून जपून. बाहेरून हुबेहूब ड्युअलशॉक ४, लाईटसुद्धा लागते, आणि आत जायरोचा पत्ताच नाही असे काही पीस बाजारात असतात. सेकंडहँड घेताना लॅपटॉप बरोबर न्या, यूएसबीने जोडा, स्टीम (कॉम्प्युटरवर गेम चालवायचं सॉफ्टवेअर) उघडून कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जायरोचं कॅलिब्रेशन दिसतंय का आणि कंट्रोलर हलवला की काही हलतंय का ते विकणाऱ्यासमोरच बघा. लाजायचं काय त्यात.

बाकीचं सामान

ईएसपी३२ चा साधा डेव्हकिट बोर्ड, म्हणजे ब्लूटूथवाला छोटा कॉम्प्युटर, गाडीचा मेंदू. इथे अगदी बारीक लक्ष द्या कारण निम्मे लोक इथेच अडकतात. साधा, जुना, मूळ ईएसपी३२ पाहिजे. ईएसपी३२-एस३ किंवा सी३ नवीन आहेत म्हणून चांगले असतील असं समजून घेऊ नका, त्यांच्यात फक्त ब्लूटूथ लो एनर्जी आहे, आणि ड्युअलशॉक, ड्युअलसेन्स, जॉय-कॉन हे सगळे क्लासिक ब्लूटूथवर बोलतात. एस२ मध्ये तर ब्लूटूथच नाही. बोर्ड आला, कोड चढला, कंट्रोलर काही केल्या सापडत नाही, असं झालं तर सगळ्यात आधी बोर्डावरच्या पत्र्याच्या डबीवर काय छापलंय ते वाचा.

मग दोन चाकांचं चेसिस, दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअरवाल्या छोट्या), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्ड सांगेल तसा मोटरला करंट देणारा), दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियमचे) आणि त्यांचा होल्डर, एक ऑन-ऑफ स्विच, जम्पर वायरी, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर. पणजी, मडगाव, म्हापशाच्या दुकानांत मोटर, वायर, स्विच मिळून जातील, बोर्ड मात्र बहुतेक ऑनलाइनच मागवावा लागतो, आणि मागवताना दोन मागवा, एक उडतोच. यूएसबी केबल डेटावाली पाहिजे, नुसती चार्जिंगची केबल लावून "बोर्ड डिटेक्ट होत नाय" म्हणणारे रोज एक भेटतात.

वायरिंग

सेल दोन सिरीजमध्ये, म्हणजे ७.४ व्होल्ट, फुल चार्ज असताना ८.४. ते स्विचमधून एल२९८एनच्या १२ व्होल्ट लिहिलेल्या टर्मिनलला. नाव बारा असलं तरी सात-आठ चालतात. हा ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा आहे, स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे मोटरला साडेपाच-सहा मिळणार. बीओ मोटरला तेवढे पुरे. ज्याला हे खाणं पटत नाही त्याने टीबी६६१२ ड्रायव्हर घ्यावा, छोटा आहे, कमी तापतो, पण शिकताना वायर उलटी लागायची शक्यता जास्त आणि एल२९८एन मार खाऊन जगतो, म्हणून मी पोरांना तोच देतो.

ड्रायव्हरच्या ईएनए आणि ईएनबी वरचे दोन छोटे जम्पर काढा, नाहीतर वेग कमी-जास्त होणारच नाही, एकतर फुल नाहीतर बंद. त्या दोन पिना ईएसपी३२ च्या २५ आणि २६ ला, आणि आयएन१ ते आयएन४ ह्या चार पिना १८, १९, २१, २२ ला. ३४ ते ३९ नंबरच्या पिना घेऊ नका, त्या फक्त इनपुटच्या आहेत, त्यांच्यातून काही बाहेर निघत नाही. ६ ते ११ बोर्डाच्या स्वतःच्या मेमरीला लागतात, त्यांना हात लावायचा नाही. ०, २, १२, १५ ह्यांच्यावरून बोर्ड सुरू होताना काय करायचं ते ठरवतो, त्याही सोडा.

ते १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ईएनए आणि ईएनबी पासून ग्राउंडला लावा. यूट्यूबच्या व्हिडिओंत हे सहसा दिसत नाही. बोर्ड रिसेट होताना त्याच्या पिना क्षणभर अधांतरी असतात आणि तेवढ्यात मोटर एक उडी मारते. रेझिस्टर असला की ड्रायव्हर गप्प राहतो.

आणि ग्राउंड सगळ्यांचं एकच. बॅटरी, ड्रायव्हर, बोर्ड, तिघांचं. हे विसरलात तर बाकी सगळं बरोबर असून काही चालणार नाही.

बोर्डाला करंट ड्रायव्हरच्या ५ व्होल्टच्या टर्मिनलवरून देता येतो, सुरुवातीला चालतं. पण मोटर अचानक दचकून सुरू झाली की बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि बोर्ड रिसेट होतो, सिरीयल मॉनिटरवर (बोर्ड काय म्हणतोय ते लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) ब्राउनआउट असा शब्द येतो. तो दिसला की कोड तपासत बसू नका. कपॅसिटर ड्रायव्हरच्या पॉवर टर्मिनलवर लावा (प्लस-मायनस बघून, उलटा लावला तर फुटतो), तरी होत असेल तर बोर्डासाठी वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून देणारा) घ्या.

सेल लिथियमचे आहेत. शॉर्ट करू नका, भर उन्हात बंद गाडीत ठेवू नका, चार्जिंगला लावून बाजाराला जाऊ नका.

बोर्डात कोड चढवणं

अर्डुइनो आयडीई घ्या, बोर्डाचा कोड लिहायचं आणि चढवायचं सॉफ्टवेअर. प्रेफरन्सेसमध्ये बोर्ड मॅनेजरचे दोन पत्ते टाकायचे, एक एस्प्रेसिफचा (ईएसपी३२ बनवणारी कंपनी) आणि एक ब्लूपॅड३२ चा (कंट्रोलर बोर्डाशी जोडणारी लायब्ररी), दोन्ही ब्लूपॅड३२ च्या माहितीपानावर दिलेले आहेत. मग बोर्ड निवडताना नुसता ईएसपी३२ न निवडता ईएसपी३२ अधिक ब्लूपॅड३२ अशा नावाच्या गटातला डेव्हकिट निवडायचा. चुकीच्या गटातला निवडला तर लायब्ररी सापडत नाही म्हणून लाल अक्षरांची ओळ येते. उदाहरणांमध्ये कंट्रोलर नावाचं उदाहरण आहे ते उघडा आणि काही न बदलता अपलोड करा. कनेक्टिंग म्हणून टिंबं टिंबं येत राहिली तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा, अपलोड सुरू झालं की सोडा.

सिरीयल मॉनिटर ११५२०० वर ठेवा. आता कंट्रोलरवर शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकत्र दाबून धरायची, दिवा भराभर लुकलुकायला लागेपर्यंत. जोडी जमली की दिवा स्थिर होतो आणि स्क्रीनवर आकड्यांचा पाऊस सुरू. घरात पीएस४ असेल आणि कंट्रोलर त्याचाच असेल तर तो आधी तिकडे पळायला बघतो, तेव्हा कन्सोलची वायरच काढून ठेवा.

ह्या उदाहरणात लूपच्या (कोडाचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग) शेवटी एक डिले, म्हणजे थांबा, टाकलेला असतो, आकडे डोळ्यांना वाचता यावेत म्हणून. गाडी चालवायच्या वेळी तो १० मिलिसेकंदांवर आणा, नाहीतर हात कलवल्यावर गाडी विचार करून निघाल्यासारखी निघते.

आधी नुसते आकडे बघा

मोटरची वायर अजून जोडूच नका. कंट्रोलर टेबलावर सपाट ठेवा आणि अ‍ॅक्सेलचे तीन आकडे बघा. एक मोठा असेल, आठ हजारांच्या आसपास, बाकी दोन शून्याच्या जवळपास नाचत असतील. ड्युअलशॉक ४ मध्ये १ जी (पृथ्वीच्या ओढीएवढं) म्हणजे ८१९२, लिनक्सचा ड्रायव्हरही हाच हिशोब धरतो. आता कंट्रोलर हळूहळू पुढे वाकवा आणि कुठला आकडा बदलतोय, वाढतोय की उणेत जातोय, हे कागदावर लिहून ठेवा. मग बाजूला कलवा, तेही लिहा. कोणी सांगितलं म्हणून धरून चालू नका, तुमच्या हातातल्या कंट्रोलरचं बघा.

थोडं त्रिकोणमिती, घाबरू नका. ३० अंश कलवलं की आकडा ८१९२ च्या बरोब्बर निम्मा, ४०९६, कारण साईन ३० म्हणजे अर्धा. ८ अंशांना साधारण ११४०. आपल्याला ३० अंशांच्या पुढे जायचंच नाही, मनगट तेवढं आरामात वळतं, त्याच्यापुढे दुखायला लागतं. म्हणून कोन वगैरे न काढता थेट ह्या आकड्यावर काम केलं तरी चालतं.

आकडा कच्चा वापरू नका, आधी थोडा मऊ करा. प्रत्येक वेळी जुन्या किमतीचे ८० टक्के आणि नव्या वाचनाचे २० टक्के घेऊन बेरीज, तीच पुढच्या वेळची जुनी किंमत. एवढ्यानेच थरथर बरीच कमी होते. आणखी नीट हवं असेल तर जायरोला सोबत घ्या: मागचा कोन अधिक जायरोचा वेग गुणिले मधला वेळ, त्याचे ९८ टक्के, आणि अ‍ॅक्सेलरोमीटरच्या कोनाचे २ टक्के. ह्याला कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणतात. झटक्यांना जायरो सांभाळतो, ड्रिफ्टला अ‍ॅक्सेलरोमीटर सांभाळतो, एकाची खोड दुसरा झाकतो. पण पहिल्या गाडीला साधं ८०-२० पुरतं, माझं तरी हेच मत आहे, फिल्टरच्या मागे लागून गाडी न बनवलेले लोक मी बघितलेत.

आकड्यापासून चाकापर्यंत

पुढे वाकवलेला आकडा म्हणजे वेग, बाजूला कलवलेला आकडा म्हणजे वळण. ११०० पर्यंत काहीच करायचं नाही, तो डेडझोन. ४१०० च्या वर गेला तर ४१०० च धरायचा. मोटरचा वेग कोडात ० (बंद) ते २५५ (फुल) असा देतात, पण मधल्या पट्ट्याचं रूपांतर ० ते २५५ मध्ये न करता ९० ते २५५ मध्ये करा, कारण बीओ मोटर खालच्या आकड्यांना नुसती गुणगुणते, फिरत नाही. तुमची मोटर किती वर सुटते ते आधी बघून ९० च्या जागी तो आकडा टाका, दोन मोटरांचा वेगवेगळा निघाला तरी आश्चर्य नको.

मग डावं चाक म्हणजे वेग अधिक वळण, उजवं चाक म्हणजे वेग वजा वळण, दोन्ही अधिक-उणे २५५ मध्ये बसवून. वळणाला ०.६ ने गुणा, नाहीतर गाडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी गरगर फिरते आणि पोरांना तेच आवडतं म्हणून शिकणं राहूनच जातं.

वेग एकदम उडी मारून वाढू देऊ नका, लूपच्या प्रत्येक फेरीला जास्तीत जास्त १५ ने वाढू दे. कमी होताना मात्र ही मर्यादा लावायची नाही.

आता थांबण्याचं

एवढं झालं की गाडी चालते आणि सगळे खूश. मग काय होतं ते सांगतो. माझा भाचा सुट्टीत आला होता, कंट्रोलर त्याच्या हातात, गाडी सोफ्यासमोर उभी, आणि त्याला नाकाला खाज सुटली. हात वर गेला, कंट्रोलर उभा झाला, गाडी फुल स्पीडने सोफ्याखाली.

"मामा, मी काय केलंच नाय!"

"हात वर केलास ना?"

"पण तो नाक खाजवायला केला!"

त्याचं बरोबरच आहे. गाडीला कसं कळणार हा हात नाकासाठी आहे की तिच्यासाठी.

उपाय जुना आहे, कारखान्यांतला. रोबो हाताने शिकवायचा जो रिमोट असतो, टीच पेंडंट, त्याच्या मागच्या बाजूला एक एनेबल स्विच असतो, तो अर्धवट दाबून धरला तरच रोबो हलतो. सोडला तर बंद, आणि घाबरून गच्च आवळला तरी बंद, कारण माणूस घाबरला की एकतर हातातलं सोडतो नाहीतर मूठ आवळतो. आपल्याकडे तीन टप्प्यांचं बटण नाही, पण आर१ (उजव्या तर्जनीखालचं बटण) आहे. कोडात सगळ्यात पहिली ओळ हीच पाहिजे: आर१ दाबलेलं नसेल तर दोन्ही मोटर शून्य आणि तिथूनच परत. बाकीचा हिशोब त्याच्यानंतर.

आणि ह्याच बटणावर दुसरं काम टाका. आर१ ज्या क्षणी दाबलं त्या क्षणी कंट्रोलर जसा धरलाय तेच शून्य मानायचं, पुढच्या आकड्यांतून तेवढं वजा करायचं. म्हणजे कोणी उभं राहून धरो, कोणी खुर्चीत रेलून, कोणी मांडीवर ठेवून, प्रत्येकाची सरळ वेगळी, आणि गाडी प्रत्येकाची सरळ समजून घेते. हात अवघडला की बटण सोडा, हात सैल करा, पुन्हा दाबा. हे एकदा केलं की डेडझोनही लहान चालतो.

दुसरा धोका वेगळा आहे आणि जास्त वाईट. आर१ दाबलेलं आहे, गाडी पळतेय, आणि मधेच ब्लूटूथ तुटलं. बोर्डाकडे शेवटचं वाचन काय आहे? आर१ दाबलेलं, पुढे वाकवलेलं. तो तेच धरून चालवत राहणार. तुम्ही म्हणाल लायब्ररीत कंट्रोलर तुटल्यावर चालणारं फंक्शन आहे, त्याच्यात मोटर बंद करू. करा, जरूर करा, पण त्याच्यावर विसंबू नका. कंट्रोलर रीतसर बंद केला तर ते लगेच चालतं. रेंजच्या बाहेर गेला किंवा बॅटरी अचानक गेली तर ब्लूटूथ क्लासिकमध्ये लिंक मेली असं मानायची डिफॉल्ट मुदत २० सेकंदांची आहे. वीस सेकंदांत बीओ मोटरची गाडी अंगण ओलांडून रस्त्यावर जाते.

म्हणून स्वतःचं घड्याळ ठेवा. नवीन डेटा आला की वेळ नोंदवायची, आणि प्रत्येक फेरीत बघायचं की शेवटचा डेटा येऊन ३०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त झाले का. झाले असतील तर मोटर बंद. हा कंट्रोलर तुम्ही काही न करता बसलात तरी सतत डेटा पाठवत असतो, त्यामुळे गप्प झाला म्हणजे काहीतरी बिघडलंय हे नक्की. आणि हो, डेटा परत आला म्हणून गाडी आपोआप सुरू करायची नाही, आर१ एकदा सोडून पुन्हा दाबल्यावरच.

कंट्रोलरच्या दिव्याचा रंग कोडातून बदलता येतो, त्याचा उपयोग करा. गाडी ऐकतेय तेव्हा हिरवा, ऐकत नाही तेव्हा लाल. बघणाऱ्यालाही कळतं की आता गाडीपुढे पाय ठेवायचा नाही.

पहिली फेरी

गाडी एखाद्या खोक्यावर ठेवा, चाकं हवेत. आर१ न दाबता कंट्रोलर वेडावाकडा हलवा, चाक हलता कामा नये. दाबून पुढे वाकवा, दोन्ही चाकं पुढे. एखादं उलटं फिरलं तर कोडाला हात न लावता त्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. मग चाकं फिरत असताना कंट्रोलर घेऊन घराबाहेर, लांब चालत जा आणि दुसऱ्या कोणालातरी चाकांवर नजर ठेवायला सांगा. लिंक तुटल्यावर चाकं लगेच थांबली तरच गाडी जमिनीवर.

जमीन सपाट आणि बंदिस्त बघा. बाल्कांवात (दारासमोरच्या ओट्यावर) नको, पायऱ्या आहेत. लाल कोब्याची जुनी फरशी झकास, सारवलेलं अंगण सुकलेलं असेल तर चालतं पण बारीक खडी बीओ मोटरच्या गिअरमध्ये जाते. पावसाळ्यात गाडी डब्यात घालून सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेने जम्पर वायरींची टोकं काळी पडतात आणि मग "काल चालत होती, आज नाय" सुरू होतं.

घरात जुना वी रिमोट निघाला तर

कोणाचे मामा-काका तारवटी (बोटीवर नोकरीला) असतील, बोटीवरून येताना आणलेला निन्टेंडो वी कपाटात असेल, तर त्याचा रिमोट फेकू नका. हात कलवून खेळायचं वेड घरोघरी नेलं ते त्यानेच, २००६ साली. त्यात एडीएक्सएल३३० नावाचा अ‍ॅक्सेलरोमीटर आहे, अधिक-उणे ३ जी वाला. जायरो मात्र नव्हता, तो २००९ मध्ये मोशनप्लस नावाचा ठोकळा म्हणून खाली जोडायला आला आणि २०१० पासून रिमोटच्या आतच बसवला. आपल्याला कलण्याशीच काम आहे, त्यामुळे पहिलावाला पण चालतो.

ह्याला ईएसपी३२ पेक्षा रास्पबेरी पाय (लिनक्स चालवणारा छोटा कॉम्प्युटर) सोपा पडतो, कारण लिनक्सच्या कर्नलमध्येच ३.१ आवृत्तीपासून वी रिमोटचा ड्रायव्हर आहे. रिमोटवर १ आणि २ एकत्र दाबून धरा, किंवा बॅटरीच्या झाकणाखालचं लाल बटण दाबा, की तो शोधात दिसतो. आधी बॅटरीचा कप्पा उघडून बघा. दहा वर्षं आत राहिलेले एए सेल फुटून पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशी आलेली असणार. कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावा, फेसाळतं, मग पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा आणि पूर्ण सुकू द्या.

ह्या रिमोटच्या नाकात एक इन्फ्रारेड कॅमेरा आहे, तो एका वेळी चार ठिपके ओळखून त्यांची जागा सांगतो. टीव्हीवर ठेवायची ती सेन्सर बार म्हणजे नुसते इन्फ्रारेड दिवे, तिच्यात सेन्सर नाहीच. कार्नेगी मेलनच्या जॉनी चुंग लीने २००७ मध्ये हे उलटं वापरून डोक्याची हालचाल टिपली आणि मग जगभरची हौशी मंडळी ह्या रिमोटच्या मागे लागली. तुम्ही रिमोट गाडीवरच बसवा आणि चार्जिंगच्या जागी दोन इन्फ्रारेड एलईडी लावा, गाडी आपली जागा शोधत येते. पण तो पुढचा खेळ, आधी कलवून चालवायला शिका.

नरकासुराचा हात

हे विचारणारे दरवर्षी दिवाळीच्या आधी येतात, त्यामुळे लिहूनच टाकतो. वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याचा हात किंवा मान कंट्रोलरने हलवायची असेल तर तत्त्व तेच, पण एल२९८एन विसरा, तो एका चॅनेलला २ अँपिअरच्या वर टिकत नाही. गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर लावणार असाल तर बीटीएस७९६० सारखा जाडजूड ड्रायव्हर आणि मोटरच्या लाईनीत फ्यूज. हात जिथवर फिरतो त्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच (हात टेकला की दबणारे) लावा, आणि ते कोडातून वाचण्यावर न ठेवता थेट मोटरचा करंट तोडतील असे जोडा, बोर्ड हँग झाला तरी हात थांबला पाहिजे. खाली पोरं नाचत असतात आणि तो हात लाकूड-लोखंडाचा असतो.

हाताचा कोन थेट कंट्रोलरच्या कोनाला बांधू नका. स्पर्धेच्या ठिकाणी ढोल-ताशाच्या नादात चालवणाऱ्याचाच हात थरथरतो. कलवलं की हात वर जायला लागेल, सरळ केलं की आहे तिथे थांबेल, असं ठेवा.

बोर्ड सांगाड्याच्या आत खोल लपवू नका. लोखंडी सांगाडा आणि भोवती शेकडो माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, ब्लूटूथची दहा मीटरची रेंज तिथे तीन-चारवर येते. बोर्ड पाठीकडे, बाहेरच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या डब्यात, आणि चालवणारा त्याच बाजूला जवळ उभा.

आत फटाके भरणार असाल तर बॅटरी आणि ड्रायव्हर पोटात ठेवायचेच नाहीत, वायर लांब घेऊन मागे जमिनीवर ठेवा. आणि पहाटे जाळायच्या आधी कोणी काय काय काढायचं ते संध्याकाळीच ठरवून द्या: एकाने बॅटरी, एकाने बोर्ड आणि ड्रायव्हर, एकाने मोटर. ऐन वेळी सगळ्यांना घाई असते आणि लिथियमचे सेल आगीत गेले तर ते फटाक्यांपेक्षा वाईट फुटतात.